एका तेलकट दगडासाठी समुद्राचं पाणी

मुंबईत समुद्राचं पाणी मिळत नाही. हसू नका. ऑक्टोबरात सांगलीहून निघताना मला कुणी हे सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या शहरात एक कॅनभर खारं पाणी मिळवायला मला जी यातायात करावी लागली, तेवढ्यात आमच्याकडे मुलगी बघण्यापासून वरात निघेपर्यंत सगळं उरकतं. स्टाफरूममध्ये अजूनही कुणी म्हणतं, "मुंबईला जाऊन आलात, मजा आहे बुवा," आणि माझं डोकं फिरतं. त्या सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून हे लिहितोय.

मी सांगलीजवळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि पन्नाशीला टेकलेलो असताना पीएच.डी. करतोय. विषय तेलाचा. नमनालाच घडाभर तेल नको, पण थोडं ओतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जमिनीखालचं तेल काही तळ्यासारखं साठलेलं नसतं. ते दगडात मुरलेलं असतं, विटेत पाणी मुरतं तसं. विहीर खणली की थोडं आपसूक वर येतं. मग एका बाजूनं पाणी दाबून आणखी थोडं ढकलतात. तरीही बरंचसं तेल दगडाला चिकटून खालीच राहतं, आणि पाणी मात्र आपली वाट काढून निघून जातं. या पाण्यात सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच जातीचे, अतिसूक्ष्म कण मिसळले तर ते तेल आणि दगड यांच्या मध्ये शिरून तेल सोडवतात. साध्या सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणाऱ्या या कणांना नॅनोकण म्हणतात. अट एकच, कण सुटे राहिले पाहिजेत. ते एकमेकांना चिकटले की गुठळ्या होतात, गुठळ्या दगडाची बारीक भोकं बुजवतात, आणि दगड कायमचा बाद.

माझं द्रावण मिठाच्या पाण्यात छान सुटं राहत होतं. पण परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. नुसत्या मिठाच्या पाण्यात कोण तेल काढतं, त्यांनी विचारलं. आपल्याकडे समुद्रात जिथं तेल निघतं तिथं चुनखडीचा दगड आहे, आणि त्यात समुद्राचंच पाणी दाबतात. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं, त्यानंच कण गोळा होतात. तेव्हा चुनखडीच्या दगडावर आणि खऱ्या समुद्राच्या पाण्यात करून दाखवा. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. विद्यापीठानं दिलेली मुदतवाढ शेवटची होती. चुनखडीचे माझ्याजवळचे बाकी तुकडे आधीच्या प्रयोगांत बुजून गेले होते. उरला होता एकच, मुठीत मावेल एवढा, कित्येक आठवडे तेलात बुडवून भट्टीत मुरवलेला. तो बुजला की माझी पीएच.डी. बुजली, एवढं सरळ गणित होतं.

अंधेरी, मंगळवार

दिगू सावंत आणि मी कोल्हापूरला एम.एस्सी. करताना होस्टेलच्या एका खोलीत राहायचो. तो मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत होते, वाढला घाटकोपरला. आता अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका खाजगी प्रयोगशाळेत तो दगडातून पाणी दाबायचं यंत्र चालवतो. दोन कामांच्या मध्ये यंत्र रिकामं होतं. आपल्या मॅडमना गळ घालून त्यानं ते मला शुक्रवार संध्याकाळपर्यंत मिळवून दिलं होतं. शनिवारी ते दुरुस्तीला उघडणार होते, म्हणजे पुन्हा मिळायची आशा नव्हती.

बस अंधेरीच्या हायवेवर सोडते. तिथून फोन केला तर दिगू म्हणाला, "पाच मिनटांवर आहे रे." मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, मिनिटांत सांगतात, आणि ती मिनिटंही खोटी असतात. तीन रिक्षावाल्यांनी नुसती मान हलवली. चौथ्यानं बसवलं आणि मेट्रोच्या खांबाखाली आम्ही इतका वेळ उभे राहिलो की खांबावरच्या कोचिंग क्लासच्या सगळ्या जाहिराती मला पाठ झाल्या. आमच्याकडे एवढ्या वेळात मी मिरजेला जाऊन नाटकाचं तिकीट काढून परत आलो असतो.

गेटवर वॉचमननं नाव विचारलं, मोबाईलमध्ये फोटो काढला, कुणाकडे ते विचारलं. मग पिशवीकडे बोट केलं.

"आत काय?"

"दगड."

"कसला?"

"तेलात मुरवलेला."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "लोणचं काय?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता लोणचं असंच लिहून टाकलं.

दिगू जिन्यातच भेटला. केस पिकलेत, बाकी तसाच. "मास्तर! झकास, वेळेवर आलास. यंत्र धुऊन तयार ठेवलंय. पाणी कुठाय?"

"कसलं पाणी?"

"समुद्राचं. तुझ्या परीक्षकाला पाहिजे ते."

"दिगू, मी सांगलीहून येतोय. समुद्र तुमच्याकडे आहे."

"माझ्याकडे?" तो खरोखर चकित झाला. "अरे, लॅबच्या नळाला काय समुद्र येतो? मी शेवटचा समुद्र बघितला तो गणपती विसर्जनाला, तो पण पोलिसांच्या पाठीमागून."

हे माझ्या अजिबात ध्यानात आलं नव्हतं. आम्ही सांगलीकर 'मुंबई' म्हणताच डोळ्यांपुढे लाट आणतो. या माणसाच्या मुंबईत घर होतं, मेट्रो होती, लॅब होती, आणि समुद्र म्हणजे नकाशाच्या कडेला रंगवलेला निळा पट्टा. लॅबमधल्या बाकीच्यांना विचारलं तर एक जण म्हणाला, ऑनलाइन मागवा, माशांच्या टाकीत घालायला मिळतं. दुसरा म्हणाला, मीठ घाला ना यार, कोण बघतंय. मी कपाळाला हात लावला.

"टेन्शन नको घेऊस," दिगू म्हणाला. "वर्सोवा आहे ना. मेट्रोचं शेवटचं स्टेशन. दोन मिनटं."

त्या दोन मिनिटांनंतर, म्हणजे सूर्य मावळायला आला तेव्हा, आम्ही वाळूवर पोचलो. ओहोटी होती. पाणी मागे सरकत चाललेलं, आणि जे होतं त्यावर साबणासारखा फेस. दिगूनं बोट बुडवून वास घेतला आणि बोट माझ्याच रुमालाला पुसलं. "नको रे. हे घातलंस तर दगडाला कावीळ होईल."

घाटकोपर, त्याच संध्याकाळी

परत मेट्रोनं दुसऱ्या टोकाला, दिगूच्या घरी. वाटेत खाऊगल्लीत त्यानं मला आग्रहानं डोसा खायला घातला. त्यात चीज होतं, नूडल्स होत्या, वरून पुन्हा चीज किसलेलं होतं. डोसा कुठे होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी काही बोललो नाही, कारण पाहुण्यानं नावं ठेवू नयेत. घरी सुनंदावहिनींनी केलेली सोलकढी प्यायल्यावर पोटानं मला माफ केलं. मी आणलेल्या भडंगाच्या दोन पुड्यांपैकी एक त्यांनी तिथल्या तिथे फोडली.

"स्वच्छ समुद्र पाहिजे तर मनोरीला जा ना," वहिनी म्हणाल्या. "फिलूमावशीकडे. आपण दर वर्षी जातो की. ती सगळी सोय करेल."

सगळी सोय करेल! या तीन शब्दांनी माझा पुढे जो घात केला तो वाचालच.

मनोरी, बुधवार

दिगूला लॅब होती, म्हणून मी एकटाच निघालो. मालाडहून मार्वेच्या धक्क्यापर्यंत रिक्षा, तिथून फेरीबोट. बोटीत माणसं कमी, मोटारसायकली जास्त. खाडी एवढीशी, पलीकडच्या माणसाला हाक मारली तर ऐकू जाईल. उतरलो आणि मुंबई संपली. नारळ, कौलारू घरं, दारापुढे क्रूस, वाळत घातलेले बोंबील. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणाच्या गाडीचा भोंगा ऐकू येत नव्हता, आणि मला एकदम बरं वाटलं, हे कबूल करतो.

फिलोमिनामावशींचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. सत्तरीच्या असतील, काटक, गुडघ्याच्या खालपर्यंत लुगडं, गळ्यात सोन्याचा क्रूस. मुलं परदेशात. मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतात. घरची भाषा मराठीच, पण ळ आणि ण यांना फारसा थारा नाही.

"दिगूचा मास्तर ना तू? ये, बस. अगोदर जेव."

"मावशी, मला फक्त समुद्राचं पाणी पाहिजे."

"पानी कुठं पलून जातंय? आता सुकती हाय. संध्याकालशिवाय भरती नाय येयाची."

सुकती म्हणजे ओहोटी, तेव्हा चिखल तुडवत जावं नाहीतर थांबावं. थांबलो. जेवायला माशाचं कालवण, त्यात त्यांचा वर्षभर बाटलीत भरून ठेवलेला मसाला, आणि सोबत फुगे. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल गोळे, गोडसर, आत पोकळ. आमच्याकडे रश्श्याबरोबर असलं गोड काही खाल्लं तर घरातली माणसं डॉक्टरला बोलावतील. मी मोजायचं सोडून दिलं एवढे खाल्ले. माझ्याजवळची दुसरी भडंगाची पुडी मी त्यांना दिली. त्यांनी त्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले आणि पुडी पुन्हा घट्ट बांधली.

"पानी कशाला पायजे तुला?"

सांगितलं. दगड, तेल, कण, सगळं. मावशींनी पाय पुढे केला. टाचेच्या भेगेत काळं काही होतं. "पावसात किनाऱ्यावर हे डांबराचे गोले येतात. काले. पायाला लागला का पान्यानं धुऊन जात नाय. रॉकेल लावावा लागते."

"तेच!" मी जवळजवळ ओरडलो. "तुमची टाच म्हणजे दगड. पाण्यानं तेल निघत नाही. माझं द्रावण म्हणजे तुमचं रॉकेल."

"मंग रॉकेलच घाल ना," मावशी म्हणाल्या. हाच सल्ला एका सेमिनारमध्ये मला एका प्राध्यापकानं इंग्रजीतून दिला होता.

भरती आली. मी पँट दुमडून गुडघ्याएवढ्या पाण्यात गेलो आणि पाच लिटरचा कॅन भरला. वर आणून बघतो तर चहासारखं गढूळ. समुद्र गढूळच असतो इथला, लांबून चकाकतो एवढंच. लॅबमध्ये गाळून घेऊ, पण गाळ जितका खाली बसेल तितकं बरं, म्हणून कॅन ओट्यावर ठेवला. मावशी म्हणाल्या, "पड जरा. चाय ठेवते." मी आरामखुर्चीत पडलो. खारा वारा, पोटात फुगे. डोळा लागला.

जागा झालो तर मावशी चहाचा कप घेऊन उभ्या, आणि कॅनमधलं पाणी काचेसारखं. तळाला गाळाचा जाड थर. मनोरीची हवाच निराळी, म्हटलं. मावशी नुसत्या हसल्या. मी वरचं स्वच्छ पाणी त्यांच्याच स्वच्छ धुतलेल्या कॅनमध्ये ओतून घेतलं आणि शेवटच्या उजेडात बोट पकडली. बोटीत एका गृहस्थांनी विचारलं, "कॅनमध्ये काय?" म्हटलं, समुद्राचं पाणी. त्यांनी चहूकडच्या समुद्राकडे पाहिलं, मग कॅनकडे, मग माझ्यापासून थोडे सरकून बसले.

खरी मजा मालाडच्या मेट्रो स्टेशनवर. सिक्युरिटीवाल्या पोरीनं कॅन अडवला.

"काय आहे?"

"समुद्राचं पाणी."

"कशाला?"

"दगडात घालायला."

तिनं साहेबाला बोलावलं. साहेब म्हणाला, "पाणी आहे ना? मग पिऊन दाखवा."

"अहो, समुद्राचं आहे!"

"पाणी आहे की नाही?"

मागे रांग खोळंबलेली. "अंकल, पिऊन टाका ना," मागून कुणीतरी म्हणालं. मी झाकणात ओतून घोटभर प्यायलो. खारट तर होतंच, पण जीभ अशी आवळली की मला दोन मिनिटं बोलता येईना. साहेबानं समाधानानं मान डोलावली. जन्मात पहिल्यांदा समुद्र प्यायलो होतो. म्हटलं, अशीच चव असेल. पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणारा मी.

अंधेरी, गुरुवार

सकाळी यंत्र सुरू करण्याआधी नियमाप्रमाणे काचपात्रात थोडं पाणी घेतलं आणि माझं द्रावण त्यात सोडलं. दगड पलीकडे भट्टीत गरम होत होता. दिगू पंपाचे नट आवळत होता.

पाणी आधी धुरकट झालं. मग पांढरं. मग लिंबू पिळलेल्या दुधासारखं फाटलं, आणि पांढऱ्या चिंध्या सावकाश तळाला बसल्या.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. प्रमाण कमी करून केलं, तेच. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, ही म्हण मी वर्गात कितीदा वापरली असेल, पण ती हातात कशी लागते ते मला त्या दिवशी समजलं. परीक्षक बरोबर होते. समुद्रात माझे कण टिकत नव्हते. चार वर्षं मी सांगलीत बसून मिठाच्या पाण्याशी खेळत होतो. मी स्टुलावर बसलो आणि उठलोच नाही.

"वाट लागली रे," दिगू हळूच म्हणाला. मग म्हणाला, "तरी दगडातून एकदा सोडून बघायचं काय? यंत्र आहे, दगड आहे."

"बुजेल."

"मग नाहीतरी काय करणार आहेस त्याचं?"

ते खरं होतं. नाही म्हणण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. तरी मी नाही म्हटलं. का, ते मलाही सांगता आलं नसतं. बायकोला फोन करून उद्याच परत येतो म्हणालो. तिनं कारण विचारलं नाही, त्यामुळे जास्तच रडू आलं.

घाटकोपर

संध्याकाळी चहा घेत बसलो होतो. दिगूचा फोन वाजला. फिलूमावशी. त्यानं स्पीकरवर टाकला.

"दिगू, तुज्या मास्तराचा पंचा राहिला इथं. धुऊन ठेवलाय." मग, "मास्तर, पानी बरं निघाला ना?"

"कसलं बरं, मावशी," मी म्हणालो.

"का रे? चांगला नितलला व्हता की. मी मोठा खडा फिरवला."

"कसला खडा?"

"तुरटीचा."

मी उभा राहिलो. तुरटी! तुरटीचं काम काय? पाण्यातले सुटे कण एकमेकांना चिकटवायचे आणि तळाला बसवायचे. जे होऊ नये म्हणून मी चार वर्षं घालवली, नेमकं तेच करणारी वस्तू या बाईनं माझ्या पाण्यात मोठा खडा घेऊन फिरवली होती. आणि मी ते पाणी मेट्रोत प्यायलो होतो! जीभ आवळली होती! तुरटीचं पाणी तोंडात घेऊन एका रसायनशास्त्राच्या मास्तराला कळलं नव्हतं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी फोनवर ओरडलो. "कुणी सांगितलं होतं? मी मागितली होती तुरटी? झोपलो होतो म्हणून काय पाहिजे ते घालायचं?"

पलीकडून मावशींचा आवाज आला, अगदी खाली गेलेला. "कोन सांगेल, बाला? गढूल व्हता. पावन्याला गढूल पानी देतात काय?"

फोन बंद झाला. सुनंदावहिनींनी कप उचलले. "ओरडलात मात्र फार, भावजी," म्हणाल्या आणि आत गेल्या. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी छाती आनंदानं फुगत होती, दोन्ही एकदम. कारण तुरटीनं द्रावण फाटलं असेल, तर समुद्रानं फाटलं असं अजून ठरलं नव्हतं. दगड अजून भट्टीत होता. मी नाही म्हटलं होतं!

मनोरी पुन्हा, शुक्रवार

पहिल्या बोटीनं गेलो. पहाटे भरती होऊन गेली असणार, आता पुन्हा चिखल, पुन्हा संध्याकाळपर्यंत थांबा, आणि संध्याकाळी यंत्राची वेळ संपणार, या विचारानं बोटीतच घाम फुटला होता. दिगूनं रात्री पुन्हा फोन करून कळवलं असावं, मावशी धक्क्यावरच उभ्या होत्या. लुगडं कमरेपर्यंत ओलं. पायाशी झाकण लावलेला कॅन, वर घडी घातलेला माझा पंचा.

"भरतीला काढला," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "काय नाय घातला. देवाची आन. जसा व्हता तसा, घान."

मी कॅन उचलून उजेडात धरला. चहासारखं गढूळ, काड्या तरंगतायत. त्याहून सुंदर पाणी मी पाहिलेलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"जा, बोट सुटेल," मावशी म्हणाल्या. "आनि कुनाला सांगू नको फिलूनं दिला म्हनून. मना लाज वाटते."

मेट्रोचं नाव काढलं नाही. मार्वेहून रिक्षा केली. रिक्षावाला अंधेरी ऐकून नाही म्हणाला. मी त्याला दगडाची, मावशीची, शनिवारची सगळी हकीकत सांगायला लागलो. ती ऐकण्यापेक्षा अंधेरी परवडली असं त्याला वाटलं असावं. गोरेगावच्या सिग्नलला मी कॅन मांडीवर धरून बसलो होतो, आणि शेजारच्या बसमधली माणसं माझ्याकडे बघत होती. बघू द्या म्हटलं.

लॅबमध्ये कागदातून पाणी गाळायला लागलो. कागद गाळानं सारखा तुंबायचा, बदलायचा, पुन्हा तुंबायचा. दिगूनं पंप लावून ओढून घेतलं. मग काचपात्र. द्रावण सोडलं. दोघेही बघत राहिलो. दिगू मालवणीत काहीतरी पुटपुटला, देवाचं असावं. पाणी निळसर झालं, एवढंच. चहा पिऊन आलो. तसंच. फाटलं नाही.

दगड यंत्रात बसवला. आधी नुसतं समुद्राचं पाणी दाबलं. पलीकडच्या बारीक काचनळीत तेल आलं, मग कमी झालं, मग निव्वळ पाणी यायला लागलं. पाण्याचं काम संपलं होतं. आता माझं. दिगूनं खटका फिरवला. दाबाचा काटा वर चढू लागला. काटा चढतच राहिला तर भोकं बुजली. मी काट्याकडे पाठ केली. मला ते बघवेना.

"मास्तर," दिगू म्हणाला. "काटा थांबलाय."

"आणि नळी?"

"तूच बघ ना रे."

मी वळलो. स्वच्छ पाण्यात एक तपकिरी धागा येत होता. बारीक, तुटक, पुन्हा सुरू होणारा. फार नव्हतं. कुणाची विहीर भरेल एवढं तर मुळीच नव्हतं. पण पाण्यानं जे सोडलं नव्हतं ते तेल दगड सोडत होता. दिगूनं माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी यंत्रावर पडता पडता वाचलो.

घरी, पुढच्या जुलैत

तोंडी परीक्षेला ते परीक्षक स्वतः आले. शेवटी त्यांनी विचारलं, "पाणी कुठून आणलंत?"

"मनोरीहून, सर."

"स्वच्छ होतं?"

"नाही सर. गढूळ होतं. तसंच मागून घेतलं."

ते हसले. कारण मी सांगितलं नाही, मावशींनी तसं बजावलं होतं. सही झाली. दुपारी त्यांना जेवायला घरी आणलं. बायको पुरणपोळीत गुंतलेली. आमच्या नदीला नवं पाणी आलेलं, तांबडं लाल, आणि घरातला फिल्टर गाळानं तुंबून बंद पडलेला. आदल्या दिवशी उकळून ठेवलेलं पाणी माठात होतं. मी तांब्या बुडवला, बाहेर काढला, पाहिलं. चहासारखं.

बाहेर सोफ्यावर माझे परीक्षक बसले होते, ज्यांनी एवढ्या लांबून येऊन माझी चार वर्षं मार्गी लावली होती.

माझा हात आपसूक फळीवर गेला. तिथं तुरटीचा खडा असतो, आईच्या वेळेपासून. मी तो माठात फिरवायला लागलो. जरा जास्तच फिरवला.

"काय करताय?" बायको तव्यापासून ओरडली. "कुणी सांगितलंय तुम्हाला?"

मला कुणीच सांगितलं नव्हतं.